दुसरा कप

व्हायोलिन विकायचं, म्हणून ती त्या दुकानात शिरली. बाहेर भुरभुर पाऊस, ओली छत्री कुठे टेकवावी कळेना, आणि समोरचा माणूस मान वर करायला तयार नाही! खुशाल पटाशीला धार लावत बसलेला.

"अहो, गिऱ्हाईक आलंय."

"दिसतंय. एवढी धार होऊ द्या... रोज आधी धार, मग काम. नाहीतर लाकूड रुसतं."

"आणि गिऱ्हाईक रुसलं तर?"

तेव्हा कुठे त्याने वर पाहिलं. डोळे असे हसरे, की ती आली कशाला तेच विसरली.

तो व्हायोलिनं बनवायचा. आणि ही? हिला घरात सगळे 'आरंभशूर' म्हणत. हौसेने घेतलेले पळायचे बूट आता दादा बागेत चिखल तुडवायला वापरी. विणायला घेतलेला स्वेटर एका बाहीवर अडून बसला होता. व्हायोलिन मात्र जीव की प्राण! पण सराव कसा, तर चार दिवस तहानभूक विसरून, आणि मग पंधरा दिवस पेटीला हात नाही. शहराच्या वाद्यवृंदाची निवड दोनदा हुकली होती. तिसरी सव्वादोन महिन्यांवर आली होती. ती शेवटचीच, पुढे वयाची अट आड येणार. पण हिने आधीच हात टेकले होते.

"थोडं वाजवून दाखवा ना," तो म्हणाला.

तिने वाजवलं.

"हे विका... पण नंतर. आधी माझं एक काम कराल?" त्याने आतून एक नवंकोरं व्हायोलिन आणलं. "नव्याचा आवाज आखडलेला असतो. रोज कुणी वाजवलं की मोकळा होत जातो. हे ज्याचं आहे, ते गिऱ्हाईक दोन महिन्यांनी न्यायला येईल. मी वाजवलं की शेजारचं कुत्रं उठून जातं हो."

"रोज?" ती एक पाऊल मागे सरकली. "मला रोज असं... काहीच जमत नाही."

"मग आज जमवा. उद्याचं उद्या बघू. अर्धा तास, जास्त नको."

आपलं व्हायोलिन त्याच्याकडेच ठेवून ती रोज येऊ लागली. सकाळी तो दोन कप चहा करी, एक तिच्या स्टुलाजवळ ठेवी आणि कामाला लागे. आधी धार, मग लाकूड, शेवटी झाडू. घाई नाही, कंटाळा नाही, काल जेवढं मन लावलं तेवढंच आज. असं कसं कुणी असू शकतं, बाई! तिला त्याचं भारी कौतुक वाटायचं. वाजवता वाजवता नजर तिकडेच जायची.

"काय बघताय?"

"प - पटाशी."

"पटाशी या हातात आहे."

ती कानापर्यंत लाल झाली आणि सूर चुकला.

सगळं छान चाललेलं, तेवढ्यात माशी शिंकली. मावशी राहायला आली, गप्पा रंगल्या आणि तीन दिवस बुडाले. चौथ्या दिवशी शरमेने ही जी वाजवत सुटली, ती दुपार झाली तरी थांबेना. बोटं सोलून निघाली. शेवटी त्याने हळूच तिच्या हातातला व्हायोलिनचा बो काढून घेतला.

"हे काय चाललंय?"

"बुडालेलं भरून काढतेय."

"कुंडीतल्या रोपाला आठवड्याचं पाणी एकदम घालता का?"

"रागावलात?"

"छे! पण तीन दिवस दोन्ही कप मीच प्यायलो. झोप उडाली माझी..." तो तिच्या बोटांकडे पाहत राहिला. "शिक्षा नका करून घेऊ. उद्या या, बस."

ती दुसऱ्या दिवशी गेली, आणि मग जातच राहिली. एका सकाळी तिने तारांवर बो टेकवला आणि खोली भरून आवाज आला, मोकळा, उबदार. त्याच्या हातातला रंधा थांबला. दोघं एकमेकांकडे पाहून वेड्यासारखी हसली.

पुढे ठरल्याप्रमाणे गिऱ्हाईक आलं आणि ते व्हायोलिन घेऊन गेलं. निवड आठवड्यावर होती. घरी येऊन ती उशीत तोंड खुपसून रडली. आता जायचं तरी कोणत्या निमित्ताने? आणि निमित्त संपलं की आपण पुन्हा पहिल्यासारख्याच... तिला स्वतःची चांगली ओळख होती.

सकाळी जाग आली, तोंड धुतलं, छत्री घेतली, आणि भानावर आली ती थेट त्याच्या दारात. आत चहाचा वास येत होता. स्टुलाजवळ दुसरा कप वाफाळत होता. तो कपाकडे असा बघत उभा, जणू तो कुणी दुसऱ्यानेच ठेवलाय.

"हात सवयीने चालले," तो ओशाळून म्हणाला.

"पायही."

भिंतीवरचं तिचं जुनं व्हायोलिन त्याने काढून दिलं. नव्या तारा लावलेल्या होत्या.

"विकायचंय अजून?"

तिने नुसती मान हलवली. नाही. आणि अर्धा तास वाजवलं, जास्त नाही.

वाद्यवृंदात तिची निवड झाली. दादाने सगळ्यांसमोर 'आरंभशूर' परत घेतलं, बूट मात्र ठेवून घेतले. ती बातमी सांगायला धावत दुकानात आली, तेव्हा तो धार लावत होता. या वेळी त्याने पटाशी अर्ध्यातच खाली ठेवली.

"मग आता तालमी सुरू होतील तुमच्या. उद्या... याल?"

"उद्याचं काय विचारतोस," ती म्हणाली, "रोजचं विचार."

त्याने विचारलं. चहा पार गार झाला, पण त्या दिवशी तो कुणालाच आठवला नाही.