शांत हवेत वाढलेला पंख

कापलेल्या पंखाच्या मुळाशी कवचाची जाडी तीन मिलिमीटर भरली. डॉ. मृणाल खांबेटे यांनी मापक पुसून पुन्हा लावला. तीनच. पंख विमानाला बसवला तेव्हा ती नऊ होती.

हा जितपंख होता, म्हणजे कारखान्यात न जोडता जिवंत पेशींपासून वाढवलेला पंख. टोकाकडे लंबवर्तुळासारखा निमुळता होत जाणारा पंख हवेत कमी अडतो, हे जुन्या अभियंत्यांना ठाऊक होतं. पण त्याची प्रत्येक फासळी वेगळी, पत्रा दोन्ही अंगांनी वाकवायचा. म्हणून ते सरळ कडांवर भागवत. वाढणाऱ्या वस्तूला अवघड आकार असा नसतोच. मात्र तिला सांधाही नसतो. आत पाहायचं तर एखादा पंख कापावा लागतो.

"झिजला कसा?" विमानतळाचे प्रमुख देवदत्त उपासनी म्हणाले. "लेकरासारखा जपलाय आम्ही."

खरंच जपला होता. वैमानिक साध्या ढगालाही वळसा घालत. वर्षभर धक्का न बसू देणाऱ्याला शाल-श्रीफळ मिळे.

"म्हणूनच झिजला. जितपंख हाडासारखा असतो. ताण पडेल तिथे भरतो, नाही तिथे विरतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे पाय पाहिलेत ना?"

उपासनी खाली बसले. असेच पंख लावलेलं, ओमानमधल्या सलालाहून येणारं विमान किनाऱ्यासमोर घिरट्या घालत होतं. रत्नागिरीपासून गोव्यापर्यंत वादळी ढगांची भिंत, आणि परतीपुरतं इंधन नाही.

"मॅडम," रेडिओवर त्या विमानाचे कॅप्टन ऑल्विन डिमेलो यांनी पुन्हा विचारलं, "पंख टिकेल का? मागे लोक चहा पितायत. त्यांना काय सांगू?"

मृणालनी मापकावरचा आकडा पुन्हा पाहिला.

"पाण्यावर उतरवलं तर काही जण नक्की जातील," उपासनी हळू आवाजात म्हणाले. "ढगातून कदाचित सगळे येतील."

"कदाचित."

"मग बोला काहीतरी. मला बोलायला लावू नका, बाई."

ढगांच्या भिंतीपलीकडे, विमानाच्या बाजूला, समुद्र अजून सपाट होता आणि मासेमारीच्या काही बोटी तिथे अडकल्या होत्या. पण पाण्यावर उतरवलं तर ढगात पंख टिकला असता का, हे मग कुणालाच कळणार नव्हतं. बुडालेल्यांच्या घरच्यांनाही नाही.

"मॅडम, इंधन संपत आलंय."

मृणालनी माइक ओढून घेतला.

"कॅप्टन, ढगात जाऊ नका. बोटींजवळ पाण्यावर उतरवा."