शेवटच्या भिंतीवरचं उत्तर

तुमच्या खोलीतले प्लग काढून आलात ना सगळे? आणि फ्रिजचा? तो कोण काढणार, तुमचा भावी सासरा? जा रे एकजण, काढून ये पटकन. बाकीचे खिडकीपासून उठा बघू. भोंग्याची गाडी दुपारपासून घसा फोडून सांगतेय, काचेजवळ बसू नका, तर ह्यांना नेमकी तिथलीच हवा लागते!

हं. आलास परत? या आता सगळे आतल्या भिंतीशी. मेणबत्ती मध्ये ठेवा.

तुम्ही परवा विचारत होतात ना, काका, आमच्या घराला एवढा छान रंग दिलाय, मग पलंगामागे खाली हातभर तुकडा तसाच का सोडलाय? मी म्हटलं, संपला असेल रंग. रंग संपला नव्हता. देणाऱ्याचा हात चालला नाही तिथे. आज नाहीतरी दिवे गेलेत, झोप कोणाला येणार आहे? ऐका.

आपली ओळ चार घरांची. पहिलं माझं, दुसरं बेकरीवाल्याचं, तिसरं रंगाऱ्याचं आणि शेवटचं, तुम्ही राहता ते, तेव्हा नर्सबाईंचं. बाई एकट्या. नोकरी संपली होती, दरारा संपला नव्हता. बेकरीवाला पन्नाशीचा बाप्या, पण बाई दिसल्या की विडी पाठीमागे लपवायचा.

ऊन तापायला लागलं की इकडचं आभाळ कसं बिथरतं ते तुम्ही बघताच आहात. दुपारी भट्टी, आणि दिवेलागणीला वावटळ, विजा, गारा. घरावर पत्रे. अशात कोण बाहेर पडणार आणि कोण कोणाची चौकशी करणार? म्हणून बाईंनीच एक नियम घालून दिला होता. वादळात दिवे गेले की पहिल्या घराने शेजारच्या भिंतीवर थापा मारायच्या. त्याने पुढच्या भिंतीवर. अशा शेवटच्या घरापर्यंत. मग शेवटच्या घराने तीनदा वाजवायचं, आणि ते उत्तर भिंतीभिंतीतून परत माझ्यापर्यंत यायचं. तीन म्हणजे सगळे ठीक. उत्तर आलं नाही, तर गारा थांबताक्षणी जाऊन बघायचं. सुरुवात माझ्याकडून. "दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते कळल्याशिवाय तुम्हाला नाहीतरी घास उतरत नाही," असं बाई म्हणाल्या. तोंडावर.

आम्ही तळहाताने थापा मारायचो. बाईंचे सांधे दुखायचे, म्हणून त्या चमच्याने वाजवायच्या. स्टीलचा, लांब दांड्याचा चमचा. टिक, टिक, टिक. डोळे मिटून ओळखावं, हे बाईंचं उत्तर.

एका वर्षी मार्चच्या वादळात त्यांचा पत्रा उचकटला आणि पत्र्यावर ठेवलेला दगड आत पडला. पत्र्यावर दगड ठेवू नका, तारेने बांधून घ्या, असं ती गाडी सांगते ना, ते उगाच नाही सांगत. दगड बसला कमरेत. त्या रात्री माझ्यापर्यंत तीन थापा आल्या होत्या. मी निवांत पांघरूण घेतलं. सकाळी दूधवाल्याने हाका मारल्या तेव्हा कळलं. बाई भिंतीला लागून पडलेल्या. श्वास चालू होता. दवाखान्यात पोचेपर्यंत तोही नव्हता. डॉक्टर म्हणाले, रात्रीच आणलं असतं तर... एवढंच बोलले. मुठीत चमचा होता. मूठ काही केल्या उघडेना. शेवटी तसाच गेला तो त्यांच्याबरोबर.

रंगारी शपथेवर सांगत होता, बाईंनी उत्तर दिलं होतं, मी कानांनी ऐकलं. आम्ही म्हटलं, मग दगड नंतर पडला असणार. विषय मिटला. रंगारी मात्र त्या दिवसापासून खंगत गेला. जेवायला बसला की अर्ध्यावर उठायचा. रात्री पलंग बाईंच्या बाजूच्या भिंतीपासून ओढून पलीकडच्या भिंतीला लावायचा. बायको म्हणायची, "अहो, घर आहे का झोपडपट्टीतला ठेला, रोज मांडायचा नि रोज उचलायचा?"

वर्ष उलटलं. मार्चचा शेवटचा शनिवार होता. बाईंच्या भाच्याने घर भाड्याने द्यायचं ठरवलं आणि रंगवायला किल्ली रंगाऱ्याकडेच दिली. भिंतीला भिंत लागून, नाही तरी कसं म्हणणार? संध्याकाळी पाचच्या सुमाराला तो पुट्टी, प्रायमरचा डबा आणि शिडी घेऊन निघाला.

"आभाळ बघा जरा," बायको म्हणाली. "गाडी सांगून गेलीय."

"सामान ठेवतो आणि तसाच बाजारात जातो. ब्रश संपलेत. वादळ आलंच तर दुकानात थांबेन."

"थांबाल हो. तुम्हाला काय, गप्पा मारायला निमित्तच हवं."

"अगं, दुकानदार बिचारा एकटाच असतो."

"आणि मी काय इथे वरातीत बसलेय?"

हसत गेला तो. सामान ठेवून निघायचंच होतं. पण कारागिराला उघडी भिंत दिसली की हात शिवशिवतात. मागच्या वेळी पत्रा दुरुस्त करताना बाईंचं लोखंडी कपाट त्याच्या घराच्या बाजूच्या भिंतीला लावून ठेवलं होतं. म्हटलं, एवढं पुढे ओढून ठेवू, उद्या बरं पडेल. ओढलं. आणि कपाटामागे, जमिनीपासून वीतभर वर, त्याला ते दिसलं.

खळगे. गिलाव्यात बारीक बारीक खळगे. चिंचोक्याएवढे. एकाशेजारी एक, एकावर एक... माणूस आडवा पडला तर त्याचा हात पोचेल तेवढ्याच उंचीवर.

पलीकडे त्याचा पलंग असायचा. त्याची उशी.

मोजायची छाती झाली नाही त्याला. त्याने दार लोटलं, पुट्टी भिजवली, आणि पट्टीने भराभर ते खळगे बुजवायला लागला. ब्रश राहिले, बाजार राहिला. आभाळाकडे तर पाठच होती. उद्या वरून रंग मारला की झालं, कोणाला दिसणार नाही. शेवटचा खळगा बुजला तेव्हा घरात दिवा लावण्याइतका अंधार झाला होता.

त्याने बटण दाबलं. दिवा लागला. आणि गेला.

वारा आला तो खिडकीच्या झडपेसकटच आत आला. झडप शिडीवर, शिडी कपाटावर. भिंतीला टेकलेलं असतं तर कपाट उभं राहिलं असतं. ह्यानेच ते पुढे ओढलं होतं. तो वळला, आणि कपाट त्याच्या अंगावर.

डावा पाय आणि उजवा हात कपाटाखाली. पाठ भिंतीकडे. डावा हात मोकळा, पण भिंतीपर्यंत पोचेना.

आणि वर गारा सुरू झाल्या.

पत्र्यावर गारा म्हणजे काय ते आता कळेलच तुम्हाला. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. तो ओरडला. परत ओरडला. बायकोच्या लेखी तो बाजारात. बाजाराच्या लेखी तो घरी. त्याला शोधायला कोणी निघणारच नव्हतं. पायातून काहीतरी ऊन ऊन वाहत होतं.

मग गारांच्या मध्येच, जमिनीला टेकलेल्या कानाला लांबून ऐकू आलं. थाप, थाप, थाप. मी मारलेल्या. मग जवळून, बेकरीवाल्याच्या. आता त्याच्या घरात. आता त्याची बायको...

खरं म्हणजे तिने तिथेच थांबायचं. पुढचं घर वर्षभर बंद होतं. पण सवयीचा हात. अंधारात ती ह्या भिंतीपाशी आली आणि तिने थापा मारल्या.

थाप. थाप. थाप.

भिंत त्याच्या पाठीमागे धडधडली. त्याने हात लांबवला. पोचला नाही. जमिनीवर आपटला. गारांत विरून गेला. ओरडला. विरून गेलं.

उत्तर नाही आलं, तर ती समजेल, घर रिकामं आहे. निघून जाईल.

आणि तेवढ्यात...

त्याच्या पाठीमागे. हातभर अंतरावर. खाली, जिथे त्याने पुट्टी भरली होती तिथे.

टिक.

टिक.

टिक.

...

वारा आहे तो. बसा. दाराला कडी आहे.

तर. तीन. म्हणजे सगळे ठीक. म्हणजे कोणी यायचं कारण नाही. रंगाऱ्याला कळलं. त्याचं उत्तर त्याला परत मिळालं होतं. मागच्या वर्षी त्याने थापा मारल्या, तेव्हा पलीकडून त्याला काही ऐकूच आलं नव्हतं. गारा होत्या, डोळ्यांवर झोप होती. बाई झोपल्या असतील, म्हणून त्याने आपल्याच मनाने तीन थापा बेकरीवाल्याकडे पाठवल्या होत्या. बायकोने विचारलं, आलं का उत्तर? हा म्हणाला, आलं.

आता तो पडला होता तिथे. त्याच जागेवर. आणि कोणीतरी त्याच्या वतीने सांगून टाकलं होतं... ठीक आहे.

त्याने मान वळवली नाही. वळवता येत होती. वळवली नाही. "बाई," एवढंच म्हणाला. "बाई, चुकलो..."

पाठीमागे कोणी श्वास घेत नव्हतं. नुसतं ओल्या पुट्टीचा वास. आणि गारा.

मग दार उघडलं.

दारात बायको. एका हातात बॅटरी, आणि डोक्यावर भाताचं मोठं पातेलं पालथं! गारांतून यायचं तर डोकं वाचवायला हवं, हेसुद्धा बाईंनीच शिकवलेलं. पातेल्यावर गारा वाजत होत्या नगाऱ्यासारख्या. एरवी आपण हसलो असतो.

तिने त्याला बघितलं आणि किंचाळत धावली ती थेट माझ्या दारापर्यंत. बेकरीवाला आणि मी धावलो, डोक्यावर पाट धरून. तिघांनी मिळून कपाट उचललं. नडगी मोडली होती, जखम खोल होती. बायकोने पदर फाडून घट्ट बांधलं. रस्त्यावर झाडं आडवी, दवाखान्याची गाडी यायला वेळ होता. तिथेच जमिनीवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती बसली.

बेकरीवाल्याने विचारलं, "वहिनी, हा तर बाजारात होता. तुम्हाला कळलं कसं?"

"मी थापा मारल्या. उत्तर आलं."

"मग तीन आले ना? ठीक म्हणजे."

"तीनच आले," ती म्हणाली. "पण चमच्याने."

बेकरीवाला भिंतीपासून दोन पावलं मागे सरकला.

"वाटलं, पळत सुटावं तुमच्याकडे," ती म्हणाली. "मग म्हटलं, रिकाम्या घरात ठीक कोण असणार? आणि बाई कधी उगाच वाजवायच्या नाहीत."

तेव्हा रंगाऱ्याने तोंड उघडलं. मागच्या वर्षीचं सगळं सांगितलं, आमच्या तिघांसमोर. रडत नव्हता. नुसतं सांगत होता. बायको ऐकत होती. पातेलं तिच्या गुडघ्याशी पडलं होतं.

"मला आलं म्हणालात," ती म्हणाली.

"हो."

"वर्षभर."

"हो."

तिने त्याचं डोकं मांडीवरून काढलं नाही. पण केसांवरून फिरणारा हात थांबला. गाडी आली तोवर तो परत फिरला नाही.

गारा थांबल्या होत्या. पागोळ्या गळत होत्या. त्याला स्ट्रेचरवर घेताना मी सहज बॅटरी भिंतीकडे वळवली. खोड माझी, तुम्हाला माहीतच आहे. पुट्टी तोवर वाळत आली होती. बुजवलेले खळगे सगळे बुजलेलेच होते. सपाट, गुळगुळीत, कारागिराचं काम. फक्त तीन जागी पुट्टी आत गेली होती. गोल, खोल, चमच्याच्या दांड्याच्या टोकाएवढी. पट्टीची धार सरळ असते, आणि ती तर प्रायमरच्या डब्यामागे पडली होती, दुसऱ्या कोपऱ्यात. त्याचा हात तिथवर पोचत नव्हता, हे आम्ही तिघांनी बघितलं होतं.

दोन महिन्यांनी कुबडी घेऊन त्याने घर पुरं रंगवलं. तेवढा तुकडा सोडून. त्याच्या बायकोने सांगितलं होतं, तिथे ब्रश लावायचा नाही.

चला, दिवे गेलेच आहेत. गाराही सुरू झाल्या, ऐकताय ना? सरका जरा, भिंत मोकळी करा. मला थापा मारू द्या.

थाप. थाप. थाप.

आता बेकरीवाला. हं. आता रंगारी. आता तो तुमच्या भिंतीवर मारत असेल. तुम्ही सगळे इथे आहात ना? सगळे?

मग थांबा. बोलू नका.

...

टिक.