लाल धागा

आभाळ सकाळपासून तोंड पाडून बसलं होतं. त्यात तो तिच्या दुकानाचं दार ढकलून आत आला, खांद्यावर फाटकं, ओलं शीड घेऊन, आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवर तळं करून उभा राहिला.

"उद्या शर्यत आहे. शिवून मिळेल?"

"आधी फरशी पुसून मिळेल?" ती म्हणाली.

त्याने खरंच पुसली. शिडं शिवणाऱ्या त्या मुलीचा जीव तिथेच थोडा अडकला.

सगळे त्याला वाऱ्या म्हणत. शनिवारी शिडाच्या होडीची शर्यत, रविवारी बिनइंजिनाच्या ग्लायडरची. वारा दिसावा म्हणून दोन्हीकडे लोकरीचा धागा चिकटवतात. शिडाला डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, ग्लायडरच्या काचेवर मधोमध एक. धाग्यांच्या निमित्ताने त्याच्या चकरा वाढल्या. एक धागा न्यायला कुणी तासभर बसतं का... पण तिनेही कधी हटकलं नाही. डावीकडे ठेवलेला चहाचा कप तो हमखास लवंडायचा. धांदरट म्हणून ती चिडवायची.

एका शनिवारी तो जिंकून आला. "तुझा लाल धागा काय झकास उडत होता!"

 घाईत तिच्याकडून लाल धागा लावायचाच राहून गेला होता.

तिने उठून तळहाताने त्याचा उजवा डोळा झाकला. तो लाजून हसला. "आज काय विशेष?"

"माझ्या दुसऱ्या हातात काय आहे, सांग."

"...लोकर?"

हातात कात्री होती.

त्याचं हसू मावळलं. "डावा डोळा वर्षभर अंधुक होत चाललाय. परवान्याच्या तपासणीला अक्षरांचा तक्ता पाठ करून गेलो. उद्या ग्लायडरची फायनल आहे गं... कुणाला सांगू नकोस."

"मी नाही सांगणार. तू सांगशील." ती म्हणाली. "नाहीतर पुन्हा या दारात येऊ नकोस. जीव जडलाय माझा तुझ्यावर, कळतंय का, मूर्खा?"

तो निघून गेला.

रविवारी डोंगरावर पांढरी ग्लायडर्स घिरट्या घालत होती. त्यात त्याचं आहे की नाही, ते खालून कळेना. दिवसभर तिच्या हातून एक टाका धड पडला नाही.

संध्याकाळी भर पावसात दार वाजलं. तो निथळत उभा होता.

"सांगितलं. परवाना काढून घेतला... आता आभाळ बंद."

आणि तो ढसाढसा रडला. तिने त्याला रडू दिलं. तीही रडली.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "होडी तेवढी राहिलीय. पण डावीकडचा धागा—"

"तो मी सांगत जाईन. पुढे बसून."

"आणि उजवीकडचा?"

"तोही मीच. तुझ्यावर माझा आता काडीचा विश्वास नाही." तिने डोळे पुसले आणि फडकं त्याच्या हातात दिलं. "आधी फरशी पूस."