लाल फुलीची चौकट

फोन आला तेव्हा फौजदारांनी नुकतेच बूट काढले होते. निवृत्तीला अठरा दिवस उरले होते. गुडघे तर आधीच निवृत्त झालेले. वाचनालयात गुन्हा घडलाय, लगेच या, असं ग्रंथपालबाईंनी बजावलं.

गुन्हा कॉम्प्युटरच्या पडद्यावर होता. वाचनालयाच्या वेबपेजवर नव्या पुस्तकांच्या यादीच्या जागी एकच ओळ: ‘आमच्या ग्रंथपाल दुपारभर काय करतात, पाहा.’ खाली रिकामी चौकट, कोपऱ्यात लाल फुली.

बाईंना संशय नव्हता, खात्रीच होती. लिहिण्याच्या प्रोग्रामला एक जोड बसवलेली होती. पत्र टाईप करावं तसं लिहायचं, बटण दाबलं की वेबपेज तयार. जोड तिन्ही कॉम्प्युटरवर होती, पण नऊ वर्षं ती वापरली एकट्या टायपिस्टनं. तिला कामावरून काढल्याचं पत्र टेबलावर तयार होतं. पाच वाजता सही.

टायपिस्टचे डोळे सुजले होते. तिच्या पडद्याला चिठ्ठी चिकटवलेली: ‘फोटोचं फोल्डर विसरू नकोस.’ ते इंटरनेटवर वेगळं चढवावं लागतं, तिनं सांगितलं. पहिल्या वर्षी ती हमखास विसरायची. आणि पासवर्ड? तो कॅलेंडरखाली भिंतीवरच लिहिलेला, सगळ्यांना दिसेल असा.

उरले हेडक्लार्क आबा.

“पान कुठं पाहिलंत?”

“माझ्याच टेबलावर. सकाळी.”

“मग?”

“लाज वाटली हो साहेब. बाई रजिस्टरवर मान टाकून, तोंड उघडं... असा फोटो लावतं का कुणी? मला म्हणाल तर यंत्रातलं काही कळत नाही. मी आपला दोन बोटांचा माणूस.”

फौजदार कण्हत उठले. बाईंच्या कॉम्प्युटरवर पान उघडलं. लाल फुली. टायपिस्टच्या कॉम्प्युटरवरही फुलीच. मग ते आबांच्या खुर्चीत बसले.

तिथं चौकटीत बाई गाढ झोपल्या होत्या.

“ही जोड फोटो पानात घालत नाही,” फौजदार थकलेल्या आवाजात म्हणाले. “तो या यंत्रात कुठं ठेवलाय, तेवढंच टिपून ठेवते. फोल्डर चढवलं नाही तर जगाला फुली दिसते आणि फोटो दिसतो फक्त ज्याच्या यंत्रात आहे त्याला. आमच्या ठाण्याच्या पानावर फरार आरोपींच्या जागी महिनाभर फुल्याच होत्या. माझीच कृपा. टायपिस्टची ही चूक पहिल्या वर्षीच करून झाली. आज ती नवशिक्यानं केली. आबा, जो फोटो कुणालाच दिसला नाही, तो तुम्हाला कसा दिसला?”

आबांनी बराच वेळ चष्मा पुसला. “भाचीला टायपिंग येतं,” ते शेवटी पुटपुटले. “हिची जागा मोकळी झाली असती.”

बाईंनी पत्राचे चार तुकडे केले. टायपिस्टनं नाक पुसलं, कीबोर्ड पुढं ओढला आणि ती ओळ पुसायला घेतली.

बाईंची नजर मात्र फोटोवरून हलेना. “मी खरंच अशी झोपते?”

“रोज नाही, बाई,” टायपिस्ट म्हणाली. “यादी लांबलचक असली की.”

बाई फौजदारांना साक्षीला धरायला वळल्या. ते आबांच्या खुर्चीतच होते. मान रजिस्टरवर, तोंड उघडं.