मागून येतायत

आमच्या मुलीला आम्ही खारू म्हणायचो. लहानपणी बिस्किटं उशीखाली लपवून ठेवायची, म्हणून तिच्या आजोबांनी खारूताईवरून ठेवलेलं नाव. पुढं चष्मा लागला, नोकरी लागली, स्वतःच्या पैशानं फिरायला लागली, तरी घरात ती खारूच राहिली. समुद्रकिनारा बघायला एकटी गेली तेव्हा पहिल्याच संध्याकाळी फोन आला. "बाबा, आता मी खरी खारू झाले. नुसते ओठ चाटले तरी मीठ लागतंय."

रोज संध्याकाळी ती कुठं होती, काय बघितलं ते सांगायची आणि फोटो पाठवायची. तटबंदीचं गाव, मग जुनं बंदर, मग बेट, शेवटी पुळण. परत आली ती रापून, नाकाची सालं निघालेली. "तुम्ही दोघं एकदा जाऊन याच. बाबा, तुम्हाला तिथल्या बोटीचं इंजिन ऐकवायचंय."

त्यानंतर महिन्याभरात ऑफिसच्या जिन्यात ती कोसळली. डोक्यातली शीर फुटली, डॉक्टर म्हणाले. मी आयुष्यभर लिफ्टची तपासणी केली आहे. दोर, ब्रेक, मोटर. यंत्र चालू आहे की नुसतं फिरतंय हे मला आवाजावरून कळतं. तिच्या उशाशी लावलेलं यंत्र नुसतं फिरत होतं, हे डॉक्टरांच्या आधी मला कळलं होतं.

ही, म्हणजे माझी बायको, शाळेत गणित शिकवायची. पुढचं वर्षभर ती सकाळी खारूच्या खोलीची खिडकी उघडायची आणि संध्याकाळी लावायची. मधल्या वेळात काय करायची ते मला सांगता येणार नाही. ताटात वाढलेलं तसंच राहायचं. मग एक दिवस खिडकी लावताना तिथूनच म्हणाली, "अहो, आपण जाऊ या. ती गेली होती तसंच, त्याच क्रमानं."

मी लगेच हो म्हटलं. तिनं काहीतरी मागितलं होतं, हेच खूप होतं.

तटबंदीचं गाव फोटोत होतं तसंच निघालं. भिंतीच्या दगडांत शिंपले अडकलेले, गल्लीच्या मधोमध पाण्याची पन्हळ, खिडक्यांच्या फळ्यांचा निळा रंग उडून पोपडे आलेले. खारू उतरली होती तेच घर आम्ही शोधलं. घरमालकीण अंगानं भारी, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. आम्ही कोण ते सांगितल्यावर तिनं हिचा हात धरला.

"ती होय! उंच, चष्मेवाली, केस कापलेले. गच्चीवर कपड्यांच्या दोरीखाली बसून लॅपटॉप बडवायची. माझा गळका नळ दुरुस्त करून गेली. बाबांनी शिकवलंय म्हणाली."

मी तोंड फिरवून नळाकडे बघत राहिलो. गळत नव्हता.

ती गेली हे सांगितल्यावर घरमालकीण आमच्याबरोबर रडली. ही गच्चीवर दोरीखाली बसली आणि पोटातून हुंदके देत रडली. मला बरं वाटलं. वर्षभर कोरड्या डोळ्यांनी बसलेली बाई रडली, तर माणसाला बरंच वाटतं.

दुसरं गाव जुन्या बंदराचं. जिथं पूर्वी जहाजांचा माल तपासायचे, त्या लांबलचक इमारतीत आता संग्रहालय आहे. आत डांबराचा आणि जुन्या दोरखंडांचा वास. माणसापेक्षा मोठे नांगर, तराजू, काचेच्या पेट्यांत होकायंत्रं. दारात एक पहारेकरी खुर्ची टाकून बसला होता. हिनं त्याला विचारलं, मागच्या वर्षी अशी अशी मुलगी आली होती, आठवते का?

"आठवते की. त्या नांगरावर चढली होती, मी ओरडलो. वेणी केवढी लांब, कमरेपर्यंत! दातांना तारा लावलेल्या. हसली की तोंडावर हात धरायची."

खारूला तारा होत्या, पण शाळेत असताना. वेणीही तेव्हाचीच. हसताना तोंडावर हातही तेव्हाच धरायची. पोरं चिडवायची म्हणून.

"नाही हो, तुम्ही दुसरीच कुणी सांगताय," मी म्हणालो आणि फोन काढला. त्याच नांगराशेजारी उभी राहून काढलेला तिचा फोटो होता. आखूड केस, चष्मा, मोकळं हसू.

पहारेकऱ्यानं फोन लांब धरून, मग जवळ आणून पाहिला. "हिला नाही पाहिलं मी. ही थोरली बहीण का?"

हिनं फोन त्याच्या हातातून घेतला. बराच वेळ बघत राहिली. मग अंगठ्यानं काच पुसून म्हणाली, "मोठी झाल्यावर अश्शीच दिसेल, नाही?"

दुःखात माणूस काहीबाही बोलतो. त्या दिवशी तिनं पोटभर जेवण केलं, माझ्या ताटातलाही पावाचा तुकडा उचलला. पहारेकरी म्हातारा होता, दिवसाला शेकडो पोरी बघत असणार. तोंडावर हात कितीतरी जणी धरतात. मी स्वतःला हे समजावलं आणि ते मला पटलंही.

बेटावर जायला सकाळची बोट होती. लाकडी, मधोमध इंजिनाची पेटी, तिच्यावर काळं पडलेलं गोणपाट. इंजिनाचा आवाज खरंच ऐकण्यासारखा होता. दर चार ठोक्यांनंतर एक ठोका चुकायचा आणि मग दम घेतल्यासारखा पुढचा यायचा. खारूला मला नेमकं हेच ऐकवायचं होतं. मी मान खाली घालून ऐकत होतो, तेवढ्यात नावाडी आपणहून बोलला. हिनं त्याला काही विचारलं नव्हतं. ती नुसती बोटीच्या काठावरून हात फिरवत होती.

"तिथंच बसली होती ती," नावाडी म्हणाला.

"कोण?" मी विचारलं.

"तुमची पोरगी. तोंडावळा ह्यांच्यावरच गेलाय ना?" त्यानं हिच्याकडे बोट दाखवलं. "आठ-नऊ वर्षांची असेल. गुडघ्याला पट्टी बांधलेली. एवढीशी पोर एकटी कशी सोडली म्हणून मी विचारलं, आईबाबा कुठंयत? तर म्हणाली, मागून येतायत."

इंजिनाचा ठोका चुकला.

"जेवली होती का हो ती?" हिनं विचारलं.

"बिस्किटं होती खिशात."

ही समाधानानं हसली. गुडघ्याची पट्टी मला आठवत होती. सायकल शिकवताना माझ्याच हातातून सुटली होती. मी नावाड्याला पुढं काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं, पण त्या क्षणी तो आणखी काय सांगेल याचीच मला धास्ती बसली होती.

बेटावर एक पडका किल्ला होता, एक विहीर, आणि वाळत घातलेली जाळी. ही पुढं पुढं चालत होती. जाळ्यांपाशी एका बाईकडे टोप्या विकायला होत्या. हिनं त्यातली सगळ्यात लहान टोपी निवडली आणि हातावर फिरवून बघितली. "तिला ऊन सोसत नाही," ती मला म्हणाली.

मी तिला विहिरीच्या कठड्यावर बसवलं. "अगं, आपली खारू नाहीये आता. हॉस्पिटलमध्ये आपण दोघं होतो, तुला आठवतंय ना?"

तिच्या चेहऱ्यावर खरी काळजी आली. "कुठलं हॉस्पिटल? तुम्हाला बरं नाही का वाटत?" तिनं माझ्या कपाळाला हात लावला.

मी तिला एकेक विचारत गेलो. खारूची नोकरी? ती हसली, एवढ्याशा पोरीला कसली नोकरी? दातांच्या तारा? दुधाचे दात तरी पडू देत, म्हणाली. पाढे कुठवर येतात ते मात्र तिनं अभिमानानं सांगितलं.

तेव्हा मला कळलं. आम्ही जसजसे पुढं जात होतो, तसतसं हिच्यातून काहीतरी मागं गळून पडत होतं. आधी हॉस्पिटल गेलं, मग नोकरी, मग दातांच्या तारा. आणि दर मुक्कामी तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकट होत होती.

बेटावरून परतल्यावर धक्क्यापाशी दोन बसगाड्या उभ्या होत्या. एक स्टेशनला जाणारी, एक पुळणीच्या गावाला. मी बॅगा उचलून स्टेशनच्या गाडीकडे वळलो. "पुरे झालं. घरी जाऊ या."

"असं काय करता? ती वाट बघत असेल."

तिनं माझी बाही धरली होती. तिच्या हातातली ती छोटी टोपी वाऱ्यानं फडफडत होती. वर्षभरात पहिल्यांदा ती नीट जेवत होती. तिला झोप लागत होती. चालताना तिचा पाय ओढल्यासारखा पडत नव्हता. तिला पुन्हा त्या खोलीत, त्या खिडकीपाशी नेऊन बसवायचं, एवढंच माझ्या हातात होतं.

मी बॅगा दुसऱ्या गाडीत ठेवल्या.

पुळणीचं गाव म्हणजे वाळूच्या टेकाडांमागं चार घरं. दुपारचं ऊन पांढरं होऊन पसरलं होतं. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. खारूनं फोटोत दाखवलेलं घर शेवटचं, हिरव्या दाराचं. दार वाजवायला मी हात उचलला, तोच ते आतून उघडलं.

एक बाई उभी होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. सकाळपासून रडत होती. आत्ता कुठं डोळा लागलाय."

ही चपला काढून आत गेली. तिला वाट विचारावी लागली नाही.

मी खोलीच्या दारापर्यंत गेलो. पडदे ओढलेले होते. पलंगावर, तान्हं मूल पडू नये म्हणून लावतात तशा, दोन्ही बाजूंनी उश्या लावलेल्या. मधली चादर रिकामी होती. त्या रिकाम्या जागेत, तळहाताएवढा, एक खोलगट भाग होता.

ही त्याच्या शेजारी कुशीवर आडवी झाली. तिनं हात पुढं करून हळूहळू थोपटायला सुरुवात केली. थोपटल्याचा आवाज चादरीवर थोपटल्यासारखा नव्हता.

मी मागं सरलो.

"आत कोण झोपलंय?" मी त्या बाईला विचारलं.

"तुमचीच ना?" ती म्हणाली आणि आतल्या कामाला निघून गेली.

मी पायरीवर बसलो. भरती येत होती. आतून हिचं गुणगुणणं येत होतं; खारू तान्ही असताना म्हणायची तेच, शब्द नसलेलं.

ते हळू होत गेलं.

मग थांबलं.

मी आत जायला उठलो नाही.

ही बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. इतका मोकळा चेहरा मी आमच्या लग्नाच्या सुरुवातीला पाहिला होता. तिच्या हातात टोपी नव्हती. तिच्यामागं पलंग दिसत होता. उश्या होत्या, आणि मधली चादर ताणून घातल्यासारखी सपाट.

"चला, निघू या," ती म्हणाली. "एवढ्या लांब कशाला आलो हो आपण? इथं बघण्यासारखं काहीच नाही."

परतीच्या बसमध्ये आमच्या समोरच्या बाकावर एक तरुण बाई बसली होती, मांडीवर झोपलेलं बाळ. ही कौतुकानं बाळाकडे बघत होती. त्या बाईनं सहज विचारलं, "तुम्हाला काय मुलंबाळं?"

"नाही हो," ही म्हणाली. आवाजात सल नव्हता, जुनी गोष्ट सांगावी तसं म्हणाली. "आम्हाला झालंच नाही."

मी तोंड उघडलं. तिला सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागणार होतं. तुला एक मुलगी होती, आणि ती गेली. दोन्ही एकाच दमात. ती माझ्याकडे बघत होती, मी दुजोरा द्यावा म्हणून.

"हो," मी म्हणालो. "नाही झालं."

तिनं माझा हात हातात घेतला आणि दाबला. मला धीर द्यायला.

खड्ड्यातून गाडी उसळली. बाळ जागं झालं आणि रडायला लागलं. बारीक, भुकेलं रडणं. त्याची आई पिशवीत काहीतरी शोधू लागली.

ही एकदम ताठ बसली. तिचा हात माझ्या हातातून सुटला.

"अहो," ती हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाली, "माझ्या अंगावर काय सांडलं बघा ना."

तिच्या निळ्या कुर्त्यावर, छातीशी, दोन्हीकडे ओले डाग पसरत होते. तिनं गोंधळून वर गाडीच्या छताकडे पाहिलं.

तिचं वय अठ्ठावन्न. मी खिशातून रुमाल काढून दिला. तिनं टिपून तो मला परत केला, तेव्हा तो कोमट होता आणि बोटांना किंचित चिकटत होता.