आठ वाजताचा पाऊस

हिर्डोशी. सकाळी आठ. बावन्न मिलिमीटर.

भोरच्या कचेरीत अंजनाने आकडा टिपला. आवाज मात्र नवा होता.

"रखमाजी कुठं गेले?"

"तापानं पडल्यात. मी मानसिंग. आता पाऊस मीच मोजतो. तुमी रोजच अशा रागानं बोलता?"

"आकडा सांगितलात ना? ठेवा फोन."

"ठेवतो की," तो म्हणाला... आणि ठेवला नाही.

हिर्डोशी. सकाळी आठ. एकतीस.
दुपारी एसटीच्या कंडक्टरहाती पानात बांधलेला तेरडा. तिने तो रिकाम्या दौतीत ठेवला.

सन चौऱ्याहत्तर. तिचं काम साधं. हिर्डोशी आणि विंझर, दोन खोऱ्यांतले आकडे एका तक्त्यात मांडायचे, पुण्याला कळवायचे. तिथला कॉम्प्युटर दोन्ही नद्यांच्या पाण्याची बेरीज करी आणि खाली भोंगवलीला पूर कधी, ते सांगे.

हिर्डोशी. सकाळी आठ. दोनशे दहा.

"आई भोंगवलीला हाय, काठावरच्या मळ्यात. हलवू का?"

दुपारी पुण्याचं उत्तर आलं. विंझरचं पाणी कालच निघून गेलं, भीती नाही.

"नका हलवू," तिने कळवलं.

संध्याकाळी दोन्ही नद्यांचं पाणी एकदमच आलं. मळा गेला. मानसिंगची आई गेली.

अंजनाने विंझरच्या गेनबांना फोन लावला.

"आठला मोजला तरी पाऊस पडला कालचाच ना, पोरी? मी कालचीच तारीख घालतो. पहिल्यापास्नं."

मानसिंग आजची घाली. दोघेही खरे. एकाच रात्रीचा पाऊस तक्त्यात दोन दिवसांवर पडला होता — आणि तक्ता तिचा होता.

महिन्याने मानसिंग कचेरीत आला. पहिल्यांदाच दिसला. मुंडलेल्या डोक्यावर नुकते फुटलेले केस, हातात तेरडा.

"घरचे म्हणत्यात, लगीन वर्षाच्या आत करा, न्हाईतर तीन वर्षं थांबा. मला थांबायचं न्हाई... तुमाला?"

चूक अजून तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. तिने तक्ता त्याच्यापुढे सरकवला. दोन तारखांवर बोट ठेवलं. सगळं सांगितलं.

"एकदा, एकदा जरी मी विचारलं असतं, कुठल्या दिवसाचा..."

त्याने त्या दोन तारखा वाचल्या. मग तेरडा हातात तसाच घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी, आठ वाजता, फोन वाजला.

"हिर्डोशी. काल आठपास्नं आज आठपर्यंत पडलेला. आज मोजलेला. सत्तेचाळीस."

तिने एकेक शब्द टिपला.

"ठेवते," ती म्हणाली... आणि ठेवला नाही.

पलीकडे नुसत्या पागोळ्या वाजत होत्या. त्यानेही ठेवला नव्हता.