वॉर्ड लिहिलेला नव्हता

तळघरातल्या प्रयोगशाळेत दुपारचे तीन वाजले होते. तिथल्या बाई नेहमीसारख्या तपासणीचे फॉर्म लावत होत्या आणि लावता लावता समस्त डॉक्टरांचा उद्धार करत होत्या. बावीस वर्षांत पुरता भरलेला फॉर्म त्यांनी पाहिला तो एकदाच, तोही वरचे साहेब पाहणीला आले होते म्हणून. वय नाही, आजार नाही, औषधं नाहीत. खाली सही म्हणून एक चिरडलेली गोम.

इतक्यात यंत्राने एक आकडा दिला आणि बाईंची बडबड थांबली. रक्तातलं पोटॅशियम इतकं चढलेलं, की काळीज कुठल्याही ठोक्याला थांबावं. त्यांनी तेच रक्त पुन्हा यंत्राला लावून पाहिलं. तेच. रक्ताच्या नळीवर नुसतं आडनाव, आणि त्या आडनावाचे पाच पेशंट दाखल. फॉर्मवर वॉर्डचा रकाना कोरा.

सहीची गोम कुणाची ते ओळखून त्यांनी वरच्या एका तरुण डॉक्टरला फोन लावला.

"सकाळी चाळीस जणांचं रक्त काढलं हो. कोण ते कसं आठवणार?"

"अहो, माणूस मरतोय कुठेतरी!"

"आम्ही पेशंट बघायचे, बाई, की तुमचे रकाने भरत बसायचं?"

"रकान्यातच तर पेशंट असतो, दीडशहाणे! या आधी खाली!"

त्यांनी फोन आपटला. त्याच क्षणी फ्रिजची घरघर थांबली. स्पिरिटच्या वासात दुसराच वास मिसळला... ओल्या चादरीचा. बाईंची नजर फॉर्मवर गेली.

'वॉर्ड सहा, खाट अकरा.'

तिरपं, बारीक अक्षर. शाई अजून ओली.

घाबरायला सवड कुणाला होती? त्यांनी वॉर्ड सहाला फोन केला. पलीकडे सिस्टरच्या चपला धावल्या, मग बराच वेळ काहीच नाही... मग धापा टाकत आवाज आला, "सापडला! इंजेक्शन दिलंय, ठोके जागेवर येताहेत. पण बाई, खाट कशी कळली तुम्हाला?"

बाईंनी पुन्हा फॉर्मकडे पाहिलं. आजाराच्या रकान्यात एकेक अक्षर उमटत होतं... 'मागच्या वेळी मला कुणी शोधलं नाही.'

डॉक्टर हसतच आत आला. बाईंनी फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. वाचता वाचता त्याचं हसू ओसरलं.

"कुणी... कुणी भरलं हे?"

"तुम्ही नाही, एवढं नक्की. आता खाली तुमचं नाव लिहा. गोम नको, नाव!"

मुकाट्याने त्याने खिशातलं पेन काढलं. दोनतीन अक्षरं झाली आणि तो कुजबुजला, "बाई... हात माझं ऐकत नाहीये..."

बाईंनी वाकून पाहिलं. अक्षर तिरपं, बारीक. आणि नाव त्याचं नव्हतंच. कुणा बाईमाणसाचं होतं. बाईंना काही ते ओळखीचं वाटलं नाही.

डॉक्टर मात्र ते वाचून पुटपुटला, "हिच्याही फॉर्मवर मी वॉर्ड लिहिला नव्हता..."